बाकावरची पिशवी

४ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं. फाडायच्या आधी माणूस निदान एकदा वाचतो. आणि तू तर वाचशीलच, माझ्या चुका काढायची तुला पाळण्यापासून हौस.

आई बरी आहे. रोज सकाळी विचारते, "त्याचा फोन आला का गं?" मी सांगते, कामात आहे तो. निलंबित माणूस कसल्या कामात असतो, हे तिने अजून विचारलेलं नाही. तू बायकोच्या माहेरी जाऊन कुणाच्या तरी खासगी बांधकामावर देखरेख करतोस, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. तिच्यावर रागावू नकोस, ती बिचारी दोन मिनिटांतच फोन ठेवते.

आता मुद्द्याचं. तुझ्यावरच्या आरोपपत्राची प्रत माझ्या हाती आली आहे. कुणी दिली ते सांगणार नाही. वर्तमानपत्र बंद पडलं म्हणून वार्ताहराची खोड जात नाही. त्यात लिहिलंय की पादचारी पुलाचे खांब धोकादायक आहेत हे ठाऊक असून नगरपालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याने, म्हणजे तू, ते सभेपुढे ठेवलं नाही. त्यामुळे पूल उघडा राहिला, नोव्हेंबरात खचला, पाच माणसं जखमी झाली, शिंपीणकाकूंचा पाय गेला. पुरावे दोन जोडलेत. एक, गेल्या मार्चच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, म्हणजे कोण काय बोललं आणि काय ठरलं त्याची सरकारी नोंद. दुसरा, आपल्या दैनिकातलं दुसऱ्या दिवशीचं कात्रण. "विषय क्रमांक चौदा, पुलाची रंगरंगोटी, चर्चेविना मंजूर." खाली माझं नाव.

बारा मार्चला सुनावणी आहे. तिथे तू खोटा ठरलास तर नोकरी गेलीच, वर काकूंच्या पायाचं खापर जन्मभर तुझ्या डोक्यावर.

डिसेंबरात तू फोन करून विचारलंस, "तुझ्यासमोर बोललो ना मी?" मी म्हणाले, मी तिथे होते आणि तू काही बोलला नाहीस. तू फोन आपटलास. तेव्हापासून आपल्यात शब्द नाही.

मी आजही तेच म्हणते. बावीस वर्षं मी त्या सभागृहातल्या पत्रकारांच्या बाकावर बसले आहे. एके काळी तिथे सहा जण दाटीवाटीने बसायचे, शेवटी मी एकटी उरले. माझा दराराच असा की मी पाणी प्यायला गेले तरी बाकावरची माझी निळी पिशवी बघून नगरसेवक जिभेला आवर घालायचे. माझ्या कानावरून काही निसटतं का? तूच सांग.

पण सगळं ठीक असेल तर मला आठ दिवस झोप का लागत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय. मी शोधून काढणार आहे, तुझ्या बाजूने निघो की विरुद्ध.

आशीर्वाद देते. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

तुझी ताई


११ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्या,

इतिवृत्ताची अधिकृत नक्कल काढली. त्यासाठी तीन खिडक्या, दोन अर्ज आणि एका कारकुनाचं "साहेब जेवायला गेलेत" इतकं झालं. दुपारचे पावणेपाच वाजले होते. इतक्या उशिरा जेवणाऱ्या साहेबाची प्रकृती चांगली असणार.

घरी येऊन आपलं कात्रण आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवली. बातमीत मी लिहिलं होतं, "शेवटचे सात विषय सभागृहाने एका दमात हातावेगळे केले." इतिवृत्तातही तेच आहे. एका दमात, हातावेगळे. सरकारी कागदात कधी कुणी काही हातावेगळं केलेलं तू पाहिलंयस का? तिथे "सर्वानुमते मान्यता देण्यात येत आहे" असतं. पुढे आणखी चार वाक्यं आहेत, ती माझीच.

म्हणजे कुणीतरी नंतर बसून हे इतिवृत्त माझ्या बातमीवर बेतलंय. पूल पडल्यावर मूळ पान काढलं, नवं घातलं, आणि माझं कात्रण जोडून दोन पुरावे दाखवले. माझा संशय नगरपालिकेच्या अध्यक्षांवर आहे. पूल पडल्यावर दोन दिवसांनी ते मला म्हणाले होते, "तुमच्या बातमीमुळे आमची बाजू स्वच्छ राहिली, बाई." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, माणूस एवढा गोड का बोलतो?

तुझे मोठे साहेब, मुख्य अभियंते, त्यांच्यावरही माझा डोळा आहे. परवा जिन्यात भेटले, मला बघून वळले आणि आल्या वाटेने परत गेले. खाई त्याला खवखवे.

तू मात्र हुरळून जाऊ नकोस. पान बदललं असलं तरी तू बोललास हे सिद्ध होत नाही. तुला मी ओळखते. लहानपणी शेजारच्यांची काच तू फोडलीस आणि आईसमोर मूग गिळून उभा राहिलास. मार मी खाल्ला. मोठ्या साहेबांसमोर उभं राहून एवढ्या सभेत तोंड उघडणारा तू नव्हेस, असं मला मनापासून वाटतं. वाईट वाटलं तर वाटू दे, खोटं लिहिण्यापेक्षा ते बरं.

नगरपालिकेत मला कोण आत सोडतं, हे तू विचारशील. माझी ये-जा असते. घरी बसून थोडंफार लिखाण करते, त्या निमित्ताने.

आईने तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. थंडी संपत आली, हे मी तिला सांगितलेलं नाही.

ताई


१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या,

आज इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंना गाठलं. तुला त्या आठवत असतील, जाड भिंगांच्या, टेबलावर नेहमी औषधाची डबी. पंधरा वर्षं त्या एकट्या सगळ्या सभा लिहितात. दोन मदतनिसांच्या जागा रिकाम्या, ध्वनिमुद्रणाचं यंत्र कपाटात, आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या माणसाकडे.

मी तयारीने गेले होते. दार लोटलं, कात्रण आणि नक्कल त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे पान कुणाच्या सांगण्यावरून बदललंत?"

बाईंनी चष्मा पुसला. "कुठलं पान?"

"हे. यात माझी वाक्यं आहेत."

"असणारच की," बाई म्हणाल्या. "मी तुमचीच बातमी समोर ठेवून लिहिते."

त्यांनी खण उघडला. आत आपल्या दैनिकाची कात्रणं, महिन्यांप्रमाणे टाचून ठेवलेली. नऊ वर्षांची. त्या सांगत होत्या, सभेत त्या हजेरी घेतात, ठरावावर सूचक-अनुमोदकांच्या सह्या घेतात, अध्यक्षांना कागद पुरवतात, भांडण झालं तर शिपायाला बोलावतात. कोण काय बोललं ते लिहायला हात कुठून आणायचा? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडायचा. "तुम्ही कधी चुकला नाहीत, बाई. एकदाही कुणी नगरसेवक तक्रार घेऊन आला नाही. मग म्हटलं, एवढ्या अनुभवी बाई बसतात तिथे, आपण कशाला डोकं चालवायचं?"

पान कुणी बदललं नव्हतं. चौकशीसमोर ठेवलेले दोन पुरावे म्हणजे एकच आहे. माझी बातमी.

निघताना त्या हळूच म्हणाल्या, "वर सांगू नका हं. तुम्ही आता आमच्यातल्याच आहात, म्हणून बोलले."

"आमच्यातल्या" म्हणजे काय ते सांगते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून कळेल. सप्टेंबरपासून मी नगरपालिकेचं मासिक पत्रक लिहिते. दैनिक ऑगस्टात बंद झालं, आईची औषधं काही बंद झाली नाहीत. अध्यक्षांनी बोलावलं, अनुभवी माणूस हवा म्हणाले, मी हो म्हटलं. डिसेंबरच्या अंकातला "पूल दुर्घटनेनंतर प्रशासनाची तत्परता" हा लेख माझाच आहे. त्यावर नाव नाही. तो तुझ्या घरीही आला असेल, सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठवतात.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण.

बाईंची बातमी माझ्यावरून, मग माझी बातमी कशावरून, असं तुझ्या मनात आलंच असेल. आज डोकं फार दुखतंय. इथेच थांबते.

ताई


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्या,

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन आठवडे मी अध्यक्षांच्या, साहेबांच्या, बाईंच्या आणि तुझ्या मागे हात धुवून लागले होते. कळसा माझ्याच काखेत होता आणि तो तिथे आहे हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. म्हणून तर झोप लागत नव्हती.

सरळ लिहिते. विषय क्रमांक चौदा आला तेव्हा मी सभागृहात नव्हते.

कसं झालं ते ऐक. दैनिकात आम्ही चार वार्ताहर होतो, मग दोन, मग मी. नगरपालिका, न्यायालय, रुग्णालय, शाळा, सगळं एकटीवर. त्यात मालकांनी छपाई दुसऱ्या शहरात हलवली. पानं चार वाजता पाठवावी लागायची. सभा दोनला सुरू होते आणि सहापर्यंत चालते. मग चार वाजता सहापर्यंतची बातमी द्यायची कशी? तर आदल्या दिवशी विषयपत्रिका मिळते, त्यावरून सकाळीच बातमी लिहून ठेवायची. रंगरंगोटी, दिवे, गटारांची झाकणं, हे विषय मंजूरच होतात. काही वेगळं घडलं तर फोन करून बदलायचं, असं ठरलेलं. काही वेगळं घडलं हे कळायला तिथे बसावं लागतं, एवढंच आम्ही ठरवलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी खरंच बसायचे. मग सवय झाली. पानं गेली की खाली उपाहारगृहात चहा घ्यायचा आणि बाकावर पिशवी ठेवून जायचं. पिशवी दिसली की पत्रकार आहे असं सगळे धरून चालायचे. पहिल्या पत्रात मी त्याचीच फुशारकी मारली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आणि ती विषयपत्रिका कोण लिहितं? इतिवृत्ताच्याच बाई. त्यांच्या कागदावरून माझी बातमी, माझ्या बातमीवरून त्यांचं इतिवृत्त. सभेत माणसं बोलली की नाही याचा आमच्या दोघींपैकी कुणालाच पत्ता नव्हता. नऊ वर्षं.

तरीही तू बोललास यावर माझा विश्वास नव्हता, हेही लिहिते. मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. एकतीस नगरसेवकांपैकी अकरा जणांना विचारलं. एकालाही आठवत नाही. "मार्चमध्ये का? मी बहुतेक गावी होतो." हजेरीपटावर सही असलेला माणूस गावी होता. एक जण तर मलाच म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय ना, चर्चेविना म्हणून? मग आम्हाला काय विचारता?"

शेवटी सभागृहात पाण्याचे पेले ठेवणाऱ्या मावशी भेटल्या. कंत्राटावर आहेत, भिंतीला पाठ लावून उभ्या असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. उपाहारगृहाच्या मागच्या दारी पेले विसळत होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "तुमच्या भाऊसाहेबांचं विचारायला आलात ना? फार उशीर केलात, बाई."

"तो बोलला होता का?"

"उठून बोलले. मोठे साहेब हाताने खाली बसा, खाली बसा करत होते. तरी बोलले. खांब पोकळ झालेत म्हणाले, आधी पूल बंद करा म्हणाले. पुढचं त्यांच्या कामातलं होतं, मला नाही कळलं. अध्यक्ष म्हणाले, बसा, पुढचा विषय घ्या."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मला कोण विचारतंय? आणि मला वाटलं, तुम्ही लिहिणारच." मावशींनी पेला पालथा घातला. "साहेब बोलताना सारखे तुमच्या बाकाकडे बघत होते. तुमची पिशवी होती ना तिथे."

धाकट्या, मी त्या मागच्या दारातल्या पायरीवर बसले आणि रडले. भर दुपारी, माणसं ये-जा करत असताना.

"तुझ्यासमोर बोललो ना मी?" तू डिसेंबरात हे विचारलंस तेव्हा मला वाटलं तू माझ्यापुढे वकिली करतोयस. तू तर खरंच विचारत होतास. काच फोडून गप्प राहणारा मुलगा त्या दिवशी एकतीस माणसांत उभा राहिला, कारण त्याला वाटलं, ताई बसली आहे, ती उद्या छापेल, मग पूल बंद करावाच लागेल. आणि ताई खाली बशीत चहा ओतून थंड करत होती.

शिंपीणकाकूंकडे अजून मी गेलेले नाही. पायाने चालवायचं मशीन त्यांनी दाराबाहेर काढून ठेवलंय, हे येता-जाता दिसतं. मी हल्ली पलीकडच्या गल्लीने जाते.

ताई


३ मार्च, मंगळवार

धाकट्या,

चौकशी अधिकाऱ्यांना पत्र दिलं. मला साक्षीदार म्हणून बोलवा, माझ्या नावाने छापलेली बातमी मी सभेआधी लिहिली होती, चौदाव्या विषयाच्या वेळी मी हजर नव्हते, असं स्वच्छ लिहिलं. पोच घेतली. प्रत सोबत जोडते.

दोन तासांत अध्यक्षांचा निरोप आला. कागद आतल्या आत इतक्या वेगाने धावतात, मग अर्जच तेवढे का लंगडतात, देव जाणे. गेले. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.

"बाई, बावीस वर्षांचं नाव आहे तुमचं," ते म्हणाले. "एका सहीने पुसणार? उद्या लोक म्हणतील, हिच्या सगळ्याच बातम्या अशाच."

"म्हणतील," मी म्हणाले.

"भावासाठी बहीण खोटं बोलते, असंही म्हणतील."

मग त्यांनी पत्रकाचा विषय काढला. पुढच्या अंकाचं काही लिहिलंय का, असं अगदी मायेने विचारलं. मी म्हणाले, लिहिलं नाही. ते म्हणाले, "मग घाई करू नका."

मी उठले. दारात जाऊन विचारलं, "अध्यक्षसाहेब, तुम्ही तर खुर्चीवरच होतात. तुम्ही ऐकलं होतंत ना?"

ते म्हणाले, "मी इतिवृत्तात असेल तेवढंच ऐकतो, बाई."

हे वाक्य मी बाहेर येऊन जिन्यावर उभ्या उभ्या वहीत उतरवून घेतलं. अगदी जसंच्या तसं, वेळेसकट. फार दिवसांनी काहीतरी कानाने ऐकून लिहिलं.

मला अजून शंका आहेत. पुलाबद्दल मोठ्या साहेबांनी आधीच वर कळवलं होतं का, तुझा लेखी अहवाल होता तर तो कुठे गेला, माझं कात्रण जोडायची कल्पना कुणाची. पण त्या शंका आता रांगेत माझ्या मागे उभ्या राहतील. आधी माझा नंबर.

आईला सगळं सांगितलं. तिने स्वेटरवरून मान वर न करता विचारलं, "म्हणजे काच त्याने फोडली नव्हती तर." मी म्हणाले, नाही, या वेळी मी फोडली.

ताई


१३ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

काल तू होतास, तरी लिहिते. साक्षीदाराला आधी बाहेर बसवतात, त्यामुळे तू आत काय सांगितलंस ते मी ऐकलं नाही. मला आत घेतलं तेव्हा तू खिडकीपाशी बसला होतास. बारीक झालायस. स्वेटर सैल होणार.

नगरपालिकेच्या वकिलांनी मला काय काय विचारलं ते तू ऐकलंसच. "या तारखेला आपण हजर असल्याचं पत्रकारांच्या नोंदवहीत आहे. चौदाव्या विषयाच्या वेळी आपण नेमकं काय करत होतात?" चहा पीत होते, मी म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. "मग आपल्या नऊ वर्षांच्या बातम्या खोट्या मानायच्या का?" मी म्हणाले, चार वाजेपर्यंतच्या खऱ्या माना, नंतरच्या तपासून घ्या. इतिवृत्ताच्या बाईंनीही कात्रणांचा खण उघडून दाखवला, ही त्यांची हिंमत. मावशींचं नाव मी घेतलं नाही. कंत्राट जाईल म्हणून नव्हतं घेतलं. तर त्या आपण होऊन दारात उभ्या. "मला विचारा की," म्हणाल्या.

निकाल महिन्याने. चौकशी अधिकारी सज्जन वाटले, पण ते कुणाकडून डबा मागवतात ते मी बघून ठेवलंय.

आज सकाळी पत्रक बंद झालं, म्हणजे माझ्यापुरतं. शिकवण्या शोधते. गावात दोघांनी मला बघून तोंड फिरवलं आणि एकाने मुद्दाम विचारलं, "काय बाई, चहा झाला का?" हे आता जन्मभर चालणार. चालू दे. संध्याकाळी शिंपीणकाकूंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बस म्हणाल्या नाहीत. मी उभीच राहिले, मग आले.

कालचं मात्र राहिलं सांगायचं. साक्ष संपल्यावर मी जी उठले ती तडक जिना उतरले. खालच्या पायरीवर मागून तू आलास. तीन महिन्यांनी तू माझ्याशी बोललास, ते एवढंच.

"ताई, पिशवी राहिली बाकावर."

माझ्या हातात दिलीस आणि वर निघून गेलास. मला तुझी माफी मागायची होती, पाठ करून आले होते, ती तशीच पिशवीबरोबर घरी परत आणली.

पुढची सर्वसाधारण सभा पंचवीसला आहे. माझ्यापाशी पेपर नाही, तरी मी जाऊन बसणार आहे, शेवटचा विषय होईपर्यंत. वाचनालयाच्या फळ्यावर लिहून लावीन, काढतील तर पुन्हा लावीन.

त्याआधी एका रविवारी ये. आई आहे, स्वेटरची एक बाही राहिली आहे. आणि त्या दिवशी तू सभेत उभा राहून नेमकं काय बोललास, ते मला अजून मावशींच्या तोंडूनच ठाऊक आहे. पहिल्या शब्दापासून सांग. या वेळी मी समोर बसून लिहून घेईन.

तुझी ताई